मैदानातले पाणी आणि मंडळाचा पैसा



सुवर्णमहोत्सवी निधीतून मंडळाच्या मैदानाखाली निचऱ्याचे नळ घालावेत, अशी सूचना आली आहे. तिच्यासंबंधी दोन शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांला झाली. आम्ही स्थापत्यविशारद नव्हे, साधे बी. ए. झालेले सरकारी नोकर. परंतु खर्चाच्या फायली तपासण्यात आयुष्य गेल्यामुळे ‘लागणार किती आणि मिळणार काय’ हे विचारण्याची खोड जडली आहे.

नोव्हेंबर २०१५ मध्ये आपल्या या बंगळूर शहरात, चिन्नास्वामी मैदानावर, भारत-दक्षिण आफ्रिका कसोटीचा पहिला दिवस तेवढा खेळला गेला. उरलेले चार पावसाने नेले. पुढे २०१७ साली तेथे जमिनीखालून यंत्राने पाणी शोषण्याची योजना झाली. तिला सुमारे सव्वाचार कोटी रुपये लागल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. तरीही ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीचा पहिला दिवस वाया गेलाच. पाऊस कोसळत असता यंत्र काय करणार? त्याचा उपयोग पाऊस थांबल्यानंतरचा. त्याच्या आदल्याच महिन्यात कानपूरला बांगलादेशाविरुद्धच्या कसोटीत तिसऱ्या दिवशी पाऊस नसतानाही, केवळ मैदान ओले म्हणून, एकही चेंडू पडला नाही. असा एक दिवस वाचला तरी तिकिटांवर चालणाऱ्या मैदानाचा खर्च पुष्कळसा वसूल होतो. आपल्याकडे तिकीट नाही. आपल्याकडे खो-खो खेळणाऱ्या मुली आहेत, आणि गेल्या पावसाळ्यात त्यांतल्या निम्म्या सरावासाठी दुसरीकडे गेल्या. हा तोटा कोणत्या रकान्यात मांडावा, हे आम्हांला ठाऊक नाही. पण तो मोठा आहे.

आपले मैदान जेमतेम एकरभर. त्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे १ लाख लिटर पाणी होते. ते मुरत का नाही? येथे आम्हांला कबुलीच द्यावी लागेल. कार्यकारिणीवर असताना गणेशोत्सवात मोटारी मैदानावर उभ्या करण्यास संमती आम्हीच दिली. चाकांखाली माती दबून दगडासारखी झाली. खळगे पडले, तेव्हा चिकणमाती टाकून ते बुजविण्याची अक्कलही आमचीच! अशा जमिनीखाली खडीचे चर खणून सच्छिद्र नळ घातले, तरी वरचे पाणी नळापर्यंत पोहोचणार कसे? वरचा थर काढून वाळू भरावी, तर उन्हाळ्यात तो लवकर सुकणार. २०२४ च्या पाणीटंचाईत चिन्नास्वामी मैदानालाही प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरावे लागले. आपण टँकर कोठून आणणार?

म्हणून आमचे मत असे, की यंदा नळ नकोत. मातीचा वरचा थर उकरून, वाळू व शेणखत मिसळून, मध्यापासून कडेकडे शंभरास एक असा उतार द्यावा. म्हणजे ३० मीटरला ३० सेंटीमीटर. कडेने उघडा चर खणावा. मोटारींना मैदान कायमचे बंद. (येथे काही सभासदांच्या कपाळावर आठ्या दिसतात, त्या आम्ही समजू शकतो.)

एक गोष्ट मात्र खर्चाच्या आधी ठरली पाहिजे. पूर्वेकडची गल्ली मैदानापेक्षा सखल आहे. आपला चर तिकडे सोडला, तर आपले मैदान कोरडे आणि तेथील बिऱ्हाडांच्या उंबऱ्यांत पाणी. तेव्हा आधी दक्षिणेच्या कोपऱ्यातील बुजलेले गटार नगरपालिकेकडून मोकळे करून घ्यावे. अर्जाचा मसुदा आम्ही सोबत आणला आहे. चिटणीसांनी तो आजच सभेपुढे वाचावा.