लहान बंदूक आणि मोठें हरीण

उत्तर कॅनडाच्या अरण्यांत एखादें विमान कोसळतें. वैमानिक दैवयोगानें वांचतो. परंतु भोंवतीं बर्फ, जवळचें गांव शंभर मैलांवर, आणि शिदोरी दोन दिवसांपुरती. अशा वेळीं त्याच्या हातीं उदरभरणाचें कांहीं साधन असावें, या हेतूनें दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या हवाई दलानें कांहीं निराळ्याच बंदुका घडवून घेतल्या. त्यांतील एम-६ ही मोडून घडी केली कीं पुरती हातभरहि उरत नाहीं. वरच्या नळींत बारीक गोळी, खालच्या नळींत छरे; आणि चापाच्या जागीं एक रुंद पट्टी, हातमोजा घातलेल्या, थंडीनें बधिर झालेल्या हातानेंहि दाबतां यावी अशी. पुढें १९५९ सालीं आर्मालाइट कंपनीनें याच जातीची एआर-७ ही रायफल काढली. तिचे सारे भाग पोकळ दस्त्यांत बसतात. वजन अवघें अडीच-तीन पौंड. आणि पाण्यांत पडली तरी ती तरंगते.

या बंदुका ससे, खारी आणि पक्षी मारण्यासाठीं. तथापि भुकेल्या माणसाची दृष्टि सशावर फार दिवस ठरत नाहीं, आणि त्यास कारणहि आहे. सशाच्या मांसांत चरबी फारच थोडी असते. केवळ त्याच मांसावर राहणारा मनुष्य पोटभर जेवूनहि खंगत जातो. त्यास डोकेदुखी, हगवण आणि ग्लानि येते. ध्रुवप्रदेशाचे प्रसिद्ध प्रवासी स्टेफान्सन यांनीं या विकाराचें वर्णन करून ठेवलें आहे. ‘सशाची उपासमार’ असें त्याचें नांव. मग एके सायंकाळीं झाडींतून एक हरीण बाहेर येतें. कित्येक दिवस पुरेल इतकें मांस आणि हवी असलेली चरबी समोर उभी आहे, बंदूक हातांत आहे. चाप ओढावा कीं नाहीं?

एआर-७ च्या ०.२२ इंच व्यासाच्या गोळीचें वजन बहुधा ४० ग्रेन, म्हणजे पाव तोळ्याहूनहि कमी. नळींतून सुटतांना तिची शक्ति सुमारें १३० फूट-पौंड भरते. हवाई दलाच्या एम-६ ची गोळी जवळजवळ तेवढ्याच व्यासाची, पण तिचें काडतूस मोठें; तिची शक्ति ७०० च्या आसपास जाते. इंग्लंडमध्यें हरणासाठीं ही शक्ति निदान १,७०० असावी, असें बंधन १९६३ च्या कायद्यानें घातलें आणि १९९१ च्या कायद्यानें कायम ठेवलें. २००७ सालीं मुंटजॅक, म्हणजे सह्याद्रींतील भेकराच्याच कुळांतील छोटें चिनी हरीण, अशा लहान जातींपुरती सवलत मिळाली. तरीहि मर्यादा १,००० च्या खालीं आली नाहीं. अमेरिकेच्या अनेक राज्यांतहि एआर-७ मध्यें बसणाऱ्या काडतुसानें हरीण मारणें बेकायदेशीर आहे.

या बंधनांचें मूळ दयेंत आहे. लहान गोळीनें हरीण मरत नाहीं असें नाहीं. तें तत्काळ मरत नाहीं, हाच दोष. गोळी खांद्याच्या हाडावर अडते, किंवा फुप्फुसांत बारीकसें भोंक पाडून थांबते. रक्त आंत सांचतें, बाहेर फारसें ठिबकत नाहीं. त्यामुळें माग सांपडत नाहीं. हरीण उधळतें, दूर दाट झुडपांत जाऊन पडतें, आणि तेथें तडफडत मरतें. डोक्याचा नेम धरावा, तर मेंदू लहान आणि मान सदैव हलती. गोळी दोन बोटें चुकली कीं जबडा मोडतो, आणि तें मुकें जनावर चरतां न आल्यामुळें झिजून मरतें. ज्या उपासमारींतून सुटण्यासाठीं माणसानें बार काढला, तीच हरणाच्या वांट्यास येते. आणि मांस तर मिळत नाहींच.

यावर कोणी म्हणेल कीं, १९५३ सालीं कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतांत बेला ट्विन या क्री जमातीच्या स्त्रीनें ०.२२ च्या एकबारी रायफलीनें त्या काळीं उच्चांकी ठरलेलें प्रचंड अस्वल लोळविलें. गोष्ट खरी आहे. परंतु ती बाई सापळे लावण्याच्या धंद्यांत मुरलेली; अस्वल अगदीं जवळ आलेलें; आणि तें पडल्यावरहि तिनें पुनः पुनः काडतूस भरून त्याच्यावर बार काढले. आपल्या बंदुकीवर तिचा भरंवसा किती होता, हें यावरून दिसतें.

तेव्हां अरण्यांत अडकलेल्या माणसानें फांस मांडावेत, मासे धरावेत आणि बंदूक लहान प्राण्यांसाठीं राखावी. प्राणांवरच बेतलें, तर हरीण वीस पावलांच्या आंत, आडवें व स्थिर उभें राहीपर्यंत वाट पहावी. बंदूक खोडावर टेकवावी. नेम पुढच्या पायाच्या किंचित् मागें, फुप्फुसांवर धरावा. आणि बार झाल्यावर अर्धा तास जागचें हलूं नये, कारण पाठलाग न झाल्यास जखमी जनावर बहुधा जवळच बसतें.

ज्याच्या घरीं चूल पेटलेली आहे, त्याला मात्र ही सबब नाहीं. भारतांत वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें हरणाच्या शिकारीस बंदी आहे. जेथें ती कायद्यानें चालते, तेथें हरणासाठीं पुरेशी बंदूक घेणें हें शिकाऱ्याचें पहिलें कर्तव्य होय. आणि तें घरून निघण्यापूर्वींच पार पाडावयाचें असतें.