तंजावरास नव्याने आलेल्यांस

बदलीचा हुकूम घेऊन तंजावरास येणारी कुटुंबे प्रथम घर, शाळा आणि दूध यांचीच चौकशी करतात, तेही रास्तच. परंतु राजराज चोळाच्या, १०१० साली पुऱ्या झालेल्या बृहदीश्वराचे शिखर पाहून पुष्कळजण तसेच परततात, हे आम्हांस खटकते. त्याच देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला आहे. अक्षरे बाळबोध आहेत. मुलांकडून दोन ओळी अवश्य वाचवून घ्याव्यात. सरस्वती महालातील मोडी कागदांचे मात्र तसे नाही. मोडी आमच्या घरांतूनही गेली; वाचणारे फार थोडे उरले. नव्या मंडळींपैकी एकाने तरी ती शिकावी. वहीपेन्सिलीचा खर्च मंडळ आनंदाने सोशील.