आधी याद्या, मग होकार

श्रोतेहो, वेळ थोडा आहे, म्हणून मुलाखतीची तयारी वगैरे मी सोडूनच देते. ते आजच्या सॉफ्टवेअरवाल्या मुलामुलींना माझ्यापेक्षा चांगलं येतं. मला बोलायचंय ते मुलाखत झाल्यानंतर येणाऱ्या फोनबद्दल.

एचआरचा फोन येतो. ‘अभिनंदन! आम्ही 18 लाखांचं पॅकेज देतोय, चालेल ना?’ आणि आपला मुलगा हिंजवडीच्या बसथांब्यावर उभ्या उभ्या ‘हो’ म्हणून मोकळा होतो. संध्याकाळी घरी पेढे. अहो, थांबा! फोनवर हो म्हणू नका. मला एवढंच सांगायचंय आणि तेच मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

आपल्याकडे लग्न ठरतं तेव्हा काय होतं? पसंती झाली म्हणून कोणी लगेच अक्षता वाटत नाही. बैठक बसते, याद्या होतात. कागदाच्या डोक्याला कुंकू लावायचं आणि एकेक कलम लिहायचं: कार्यालयाचा खर्च कोणाकडे, पानं किती, मानपानाचं काय, मुहूर्त कोणता. खाली दोन्हीकडच्या सह्या. यात कोणाला अविश्वास वाटत नाही. पुढे मांडवात रुसवेफुगवे नकोत, म्हणूनच तर लिहायचं. मग नोकरीच्या वेळी ही याद्यांची बैठक कुठे जाते?

तुमचे 18 लाख जरा उलगडून पाहू. समजा, मूळ पगार महिना 75 हजार आहे. त्यावर 12 टक्क्यांनी कंपनीचा पीएफ वर्षाला 1 लाख 8 हजार. तोही या 18 लाखांतच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीचे सुमारे 43 हजार. आणि नियमित नोकरीत ती मिळायला पाच वर्षं टिकावं लागतं, तुम्ही तर दोन वर्षांत उडी मारणार! विम्याचा हप्ता धरा 19 हजार. व्हेरिएबल 10 टक्के, म्हणजे 1 लाख 80 हजार. ते कंपनीच्या आणि तुमच्या कामगिरीवर. आणि जॉइनिंग बोनस 1 लाख, जो एकदाच मिळतो. बेरीज करा, साडेचार लाख झाले. उरले साडेतेरा, महिन्याला 1 लाख 12 हजार 500. त्यातून पुन्हा तुमच्या वाट्याचा पीएफ, व्यवसाय कर आणि आयकर जायचाय. तुम्ही मात्र 18 भागिले 12 करून दीड लाखाच्या हिशेबाने बाणेरला फ्लॅट बघून आलात!

यात फसवणूक आहे का? नाही. मी बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडे, भरती करणाऱ्यांत बसले आहे. सीटीसी म्हणजे कंपनीला तुम्ही केवढ्याला पडता तो आकडा. हातात काय येतं हा वेगळा आकडा, आणि तो विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. दुसरी एखादी कंपनी पीएफ फक्त 15 हजारांच्या मर्यादेवर, म्हणजे महिना 1,800 रुपयेच भरते. सीटीसी तेवढीच, पण हातातला पगार वेगळा. म्हणून दोन ऑफरांचे नुसते मथळे ताडून पाहू नका, कलमं ताडून पाहा.

तर फोनवर काय म्हणायचं? लिहून घ्या. ‘आभारी आहे, काम मला आवडलंय. पगाराचा पूर्ण ब्रेकअप मेलवर पाठवा, मी पाहून परवा सांगते.’ बस. एवढ्याने कोणतीही शहाणी कंपनी ऑफर मागे घेत नाही. एचआरची ती मुलगी तुमची वैरीण नव्हे. ती मध्यस्थ आहे, तिलाही हे लग्न जमायलाच हवंय! प्रत्येक ग्रेडची एक चौकट तिच्याकडे असते आणि पहिला आकडा सहसा त्या चौकटीच्या टोकाचा नसतो. पण मागाल तर तिला वर विचारता येईल ना? गप्प बसलात तर ती तरी काय करणार?

मागताना कलमावर बोट ठेवून मागा. ‘अजून थोडं वाढवा’ ही विनवणी झाली. ‘व्हेरिएबलमधले 80 हजार फिक्स्डमध्ये घेता येतील का?’ हा प्रश्न झाला, त्याला उत्तर द्यावंच लागतं. फिक्स्ड अजिबात हलत नसेल तर जॉइनिंग बोनस विचारा. तो एकदाच द्यायचा असतो, शेजारी बसणाऱ्याच्या पगाराशी त्याची तुलना होत नाही, म्हणून तो लवकर हलतो. मात्र वर्षाच्या आत नोकरी सोडली तर तो परत द्यावा लागतो का, आणि कर कापून हातात आला तेवढाच की पूर्ण, हेही लिहून घ्या.

मग मुहूर्त. तुमची जुनी कंपनी तीन महिन्यांचा नोटीस पिरियड धरून बसलेली असते, नव्या कंपनीला माणूस उद्या हवा असतो. नोटीस पूर्ण न करता लवकर सुटण्यासाठी द्यायचे, म्हणजे बायआउटचे, पैसे कोण भरणार? हे कलम तर हटकून राहतं! आणि इथे एक कानउघाडणी. याद्यांवर सही करायची आणि त्या तीन महिन्यांत आणखी चार स्थळं बघत फिरायचं, हे बरं नव्हे. कबूल केलेल्या तारखेला नक्की येणारा माणूस, हीच तर तुमची खरी किंमत आहे. ती घालवलीत, तर मागायचं कशाच्या जोरावर?

कॅम्पसमधून लागणाऱ्या मुलांनी यावर फार वेळ घालवू नये. तिथे सगळ्या वर्गाला एकच आकडा असतो, तो एकट्यासाठी हलत नाही. बॉण्डची अट तेवढी नीट वाचा.

आता ईसॉप. नव्या कंपन्या पगार थोडा कमी देतात आणि शेअर्स दाखवतात. ते बहुधा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळतात, पहिल्या वर्षाआधी निघालात तर काहीच नाही. पुन्हा शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीचा शेअर विकायचा कुठे? आणि ते आपल्या नावावर करून घेताना करही बसतो, हातात रोकड आलेली नसताना. तो कर कसा मोजतात, तर... नाही, समोर काचेपलीकडून खूण झाली. हा विषय राहिला.

आईवडिलांना शेवटचं सांगते. मुलीचा फोन आला की ‘पॅकेज किती?’ असं विचारू नका. ‘ब्रेकअप आला का?’ असं विचारा. नसेल आला, तर पेढे दोन दिवस थांबू शकतात.