स्कूटरचे टॅपेट घरच्या घरी



१९७२ सालच्या दोन-स्ट्रोक चेतक स्कूटरला टॅपेट नव्हते. आताच्या चार-स्ट्रोक गाड्यांना असतात. निफाडहून सकाळी लासलगावला कांद्याच्या लिलावाला निघावे अन् गाडी सुरूच होऊ नये, तर टॅपेटची फटही तपासा. फट वाढली की गाडी टकटक बोलते. कमी झाली तर मात्र गप्प राहते. व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, दाब गळतो अन् शेवटी व्हॉल्व्ह जळतो.

इंजिन रात्रभर गार होऊ द्या. प्लग काढा, पिस्टन दाबाच्या फेरीत वर आणून खूण जुळवा. दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले हवेत. गाडीच्या पुस्तिकेतल्या मापाची फीलरपट्टी फटीत किंचित अडत सरकली पाहिजे. स्क्रू फिरवून फट लावा, नट आवळा आणि माप पुन्हा घ्या. नट आवळताना फट बदलते, बरं का!