छप्पन्न चौकटींची गोधडी

(शारजात एका रविवारी कामगारांच्या बैठकीत केलेलं भाषण. थोडं नीट लिहून काढलंय, बाकी बोललो तसंच.)



मी शिवणकामातला माणूस नाही. सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, दहा वर्षं इथं साइटवर काढली. तुम्हाला इथं सगळ्यांच्या तुकड्यांची एक गोधडी करायची आहे, तेव्हा आमची कशी झाली ते येऊन सांगा, असा निरोप आला. तेवढंच सांगतो.

आमची गोधडी एका शटरिंग कारपेंटरच्या घरी गेली. मराठवाड्यातला माणूस, चार वर्षं इथं होता. माझ्या टोळीत नव्हता, कंपनीही वेगळी. जुलैत रात्री झोपला, सकाळी उठलाच नाही. दाखल्यावर नैसर्गिक मृत्यू. या दोन शब्दांची किंमत काय ते तुम्हाला माहीत असायला हवं. मृत्यू कामामुळे झाला असं ठरलं तर कायद्यानं घरच्यांना 24 महिन्यांच्या मूळ पगाराइतकी भरपाई मिळते. नैसर्गिक ठरला तर थकलेला पगार आणि ग्रॅच्युइटी. ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांत वर्षाला 21 दिवसांच्या मूळ पगाराची. म्हणजे चार वर्षांचे 84 दिवस. एकीकडे दोन वर्षं, दुसरीकडे तीन महिनेसुद्धा नाहीत.

गावाकडं असतो तर आपण घरोघर फिरून वर्गणी काढली असती. इथं परवानगीशिवाय वर्गणी गोळा करता येत नाही, त्यात कुणी पडू नका. मग त्याच्या खोलीतला एक जण म्हणाला, पैसे नाही तर कापड देऊ. प्रत्येकाचा एक तुकडा. आपल्याकडं म्हातारी गेली की तिच्या लुगड्यांची वाकळ शिवतात, तसं.

ही कल्पना जगात नवी नाही. अमेरिकेत एड्सनं माणसं मरत होती आणि सरकार त्यावर बोलायला तयार नव्हतं, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्यानं 1987 मध्ये अशीच गोधडी सुरू केली. एका मेलेल्या माणसाची एक चौकट, तीन फूट बाय सहा फूट, साधारण एका कबरीएवढी. अशा आठ चौकटी जोडून बारा फुटांचा चौरस. त्याच वर्षी 11 ऑक्टोबरला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर ती अंथरली तेव्हा 1,920 चौकटी होत्या. काहींवर फक्त पहिलं नाव होतं, कारण घरच्यांना लोकांची भीती. चिलीत पिनोचेच्या राजवटीत ज्यांची माणसं गायब झाली त्या बाया गोणपाटावर चिंध्या शिवून चित्रं करायच्या, आणि ती देशाबाहेर पोचवली जायची.

आता कामाचं. तुम्ही म्हणाल, आणा तुकडे, जोडून टाकू. तसं होत नाही. साठ जणांच्या हातचे साठ तुकडे कधीच एका मापाचे येत नाहीत. प्रत्येकात पाच मिलिमीटरची चूक धरा. आठ ओळींत ती चार सेंटीमीटर होते आणि गोधडी पतंगासारखी तिरकी जाते. शटरिंगला जे कळतं तेच इथं. म्हणून आम्ही तुकडे मागितलेच नाहीत. मांजरपाट आणला, प्लायवुडच्या उरलेल्या तुकड्याचा 32 सेंटीमीटरचा फर्मा केला, आणि मांजरपाटाचे चौकोन कापून सगळ्यांना वाटले. प्रत्येकानं आपलं कापड त्या चौकोनावर टाचायचं. चारी बाजूंनी एकेक सेंटीमीटर माया, म्हणजे जोडल्यावर चौकट 30 ची. सात आडव्या, आठ उभ्या, एकूण 56. गोधडी झाली 210 बाय 240. चौकटींचे जोड कॅम्पजवळच्या एका टेलरनं मशीनवर मारून दिले, पैसे घेतले नाहीत. धावदोरा मात्र हातानं. कव्हरऑलचं कापड जाड असतं, साध्या सुया मोडतात, गोणी शिवायची सुई आणा. मायेला माया का म्हणतात, असं एका पोरानं विचारलं होतं. उसवलं तर पुन्हा शिवता यावं म्हणून सोडलेलं कापड ते, एवढं मला सांगता आलं.

शिवणं बायकांचं काम, असं पहिल्या रविवारी दोघातिघांनी म्हटलं. पण दिवसभर सळईला तार बांधणाऱ्याला टाका काय अवघड? आणि बाजूच्या खोल्यांतून माणसं यायला लागली. बांगलादेशी म्हणाला आमच्याकडं याला काँथा म्हणतात, बिहारवाला म्हणाला सुजनी, सिंधमधला ड्रायव्हर म्हणाला रल्ली. चौघांचं म्हणणं एकच, की माझ्या आईचे टाके तुझ्या आईपेक्षा बारीक.

भांडण झालं ते नावावरून. नाव लिहायचं नाही, कंपनीचं चिन्ह असलेलं कापड लावायचं नाही, फोटो काढायचा नाही, असं मी म्हणत होतो. फोटो एकदा फोनमधून निघाला की कुठं जाईल सांगता येत नाही, आणि चौकट बघून माणूस ओळखता येतो. त्यावर एक वयस्कर फिटर म्हणाला, साहेब, नाव नसेल तर ते फडकं झालं, फडकं द्यायला मला कशाला बोलावता? सगळे गप्प. खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं. तोड त्यानंच काढली. लाँड्रीत कपडे हरवू नयेत म्हणून आपण त्यांवर मार्करनं आपला नंबर घालतो ना, तोच मार्कर घ्यायचा, आधी मांजरपाटावर नाव, गाव लिहायचं आणि वरून कापड शिवायचं. नावं आत आहेत, दोन कापडांच्या मध्ये. उसवल्याशिवाय दिसणार नाहीत. एकानं नावाखाली किती महिन्यांचा पगार थकलाय तेही लिहिलं. लिहू दिलं.

यादी ठेवली नाही, ही गोष्ट तुम्हीही पाळा. कोण आला, कोणी कापड दिलं, याची वही नको. आणि माझ्यासारख्या सुपरवायझरकडं गोळा करायचं काम देऊ नका. टाइमशीटवर माझी सही असते. मी खोलीत बसलो की लोक जपून बोलतात, त्यात त्यांचा दोष नाही. मी मापं दिली आणि शिवायच्या वेळी बाहेर राहिलो.

त्यामुळंच एक गोष्ट घडली. चार रविवार मान खाली घालून शिवताना त्याच्या खोलीतले लोक बोलायला लागले. आदल्या दिवशी दुपारनंतर त्याला दोनदा उलटी झाली होती. सावलीत बसू द्या म्हणून त्यानं विचारलं होतं. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद असा इथला नियम आहे, पण ऊन तीनला संपत नाही. हे प्रत्येकाला तुकड्यातुकड्यानं माहीत होतं, सगळं मिळून कुणालाच नव्हतं. मग त्यांच्यातल्या तिघांनी आपापलं म्हणणं तारखेसकट लिहून सह्या केल्या. घरच्यांनी भरपाईसाठी जो अर्ज केला त्याला ते कागद जोडलेत. निकाल अजून आलेला नाही. कागद नसते तर अर्जात लिहायला दाखल्यावरच्या दोन शब्दांशिवाय काही नव्हतं.

गोधडी साडेतीन किलोची भरली. सुट्टीवर जाणाऱ्या एकानं आपल्या बॅगेतून तेवढं सामान काढून ती नेली. भिंतीवर लावा, असं आम्ही सांगून पाठवलं होतं. वहिनींनी लावली नाही. थंडीत धाकटा तीच पांघरतो असं कळलं. त्यांनी एवढंच विचारलं, यात त्यांचा सदरा कुठला? खालून दुसरी ओळ, डावीकडून तिसरा, निळ्या रेघांचा.

तर मांजरपाट मी आणलाय, फर्मा तिथं टेबलावर आहे. कात्री एकच आहे, तेव्हा ज्यांना संध्याकाळची ड्युटी आहे त्यांचे चौकोन आधी कापू.