ग्रंथालयाची छापील यादी
(सुवर्णमहोत्सवी समारंभात ग्रंथालय समितीच्या वतीने केलेले भाषण)



ग्रंथालयाविषयी चार शब्द बोलावेत, अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. ग्रंथांचा महिमा आपण सारे जाणता. तो गाण्यासाठी आम्ही उभे नाही. संगणकातील नोंदींवरून पुस्तकांच्या याद्या छापताना आमची जी फजिती झाली, ती तेवढी निवेदन करावयाची आहे.

१९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. आपल्या कपाटांतील कितीतरी जुनी पुस्तके त्या काळी येथे आलेल्या कुटुंबांनी दिलेली आहेत. त्यांची माहिती दाखल नोंदवहीतून संगणकात उतरवली की यादी आपोआप छापून मिळेल, असा आमचा समज होता. पहिली प्रत हाती येताच तो मावळला. लेखकांच्या अनुक्रमात 'ड' या अक्षराखाली मोठी गर्दी दिसली. पाहतो तो सारे 'डॉ.' तेथे जमलेले! 'पु. ल. देशपांडे' आणि 'देशपांडे, पु. ल.' हे दोन निराळे लेखक ठरले होते. यंत्र माणूस ओळखत नाही, अक्षरे तेवढी ताडून पाहते. मग आडनाव, नाव आणि उपाधी यांचे रकाने वेगळे केले, 'शिरवाडकर, वि. वा.' येथे 'कुसुमाग्रज पाहा' अशी सूचना घातली. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची संगणकाविना सिद्ध केली, याचे खरे आश्चर्य आम्हांस तेव्हा वाटले.

दुसरी अडचण वर्णमालेची. आपण शाळेत शिकलो ती 'ह, ळ, क्ष, ज्ञ' अशी संपणारी. संगणकाच्या लेखी 'ज्ञ' म्हणजे 'ज'ला जोडलेला 'ञ', आणि 'ळ' तर 'ल'च्या शेजारी. 'ज्ञानेश्वरी' शोधणाऱ्या एका आजींनी यादीची शेवटची पाने दोनदा उलटली! क्रमवारीसाठी मराठीचा नियम निवडल्यावर हे सुधारले.

परंतु खरा प्रसंग पुढे आला. कपाटे भरली, नवी घेण्यास जागा नाही. तेव्हा 'एकदाही वाचकाने न नेलेली पुस्तके' अशा मथळ्याची यादी आम्ही छापून घेतली. ती अनेक पानांची निघाली. ही पुस्तके काढून टाकण्याचा ठराव सभेत जवळजवळ संमत झाला होता. इतक्यात एका वयोवृद्ध सभासदांनी त्या यादीतलेच एक पुस्तक कपाटातून आणून मागचे पान उघडले. तेथील चिठ्ठीवर तारखांचे शिक्के दाटीवाटीने उमटले होते. देवघेवीची नोंद संगणकात सुरू झाली त्याआधीची कार्डे कोणी चढवलीच नव्हती. त्यामुळे पूर्वी घरोघर फिरलेले पुस्तक यादीत अस्पर्श ठरले. यंत्राचा यात दोष नाही. 'एकदाही' हा शब्द आम्ही लिहिला होता.

ठराव मागे घेतला. पुढचे कित्येक रविवार आम्ही एकेक चिठ्ठी पाहून शेवटच्या शिक्क्याची तारीख नोंदवली. वाळवीने खाल्लेली पुस्तके मात्र काढली. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक असतो, असे रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडले. तो वाचक कदाचित आधीच येऊन गेला असेल, हे आम्ही विसरलो होतो. आता प्रत्येक यादीच्या माथ्यावर ती कोणत्या दिवशी छापली आणि देवघेवीची नोंद केव्हापासूनची आहे, हे दोन्ही छापले जाते.

मुलांसाठी एक यादी ठळक टाइपात निराळी केली आहे. आपली मुले शाळेत हिंदी वाचतात, म्हणून लिपीची अडचण नाही. 'ळ'पाशी तेवढी थबकतात.

तिन्ही याद्या प्रवेशद्वाराजवळील मेजावर आहेत. चूक आढळल्यास तेथेच पेन्सिलीने खूण करावी. पुढची प्रत दिवाळीपूर्वी छापावयाची आहे.