टपालाने आलेली सँडल

आज ज्या रहस्यकथेविषयी बोलायचं आहे, तिच्यातली मूळ घटना घडून वीसेक वर्षं उलटली आहेत. शोध कधीच थांबला आहे, गावानेही तो विषय सोडून दिला आहे. आणि एके दिवशी एका वृद्ध माणसाच्या हाती टपालाने एक पाकीट येतं. आत लहान मुलाची एक सँडल. पाठवणाऱ्याचं नाव नाही.

स्वीडिश लेखक योहान थेओरिन यांची ही पहिलीच कादंबरी. २००७ साली ती आली आणि पुढे ‘इकोज फ्रॉम द डेड’ या नावाने इंग्रजीत गेली. मूळ नाव आहे ‘स्कुमटिम्मेन’, म्हणजे आपली कातरवेळ. दिवे लागण्यापूर्वीच्या त्या अंधूक उजेडात म्हातारी माणसं गोष्टी सांगत बसायची. या पुस्तकाचं सारं रहस्य अशाच सांगितलेल्या आणि न सांगितलेल्या गोष्टींमध्ये दडलेलं आहे.

कथा घडते ओलँड या बाल्टिक समुद्रातल्या लांबट, चिंचोळ्या बेटावर. किनाऱ्याला मच्छीमारांची आणि दगडफोड्यांची जुनी गावं. आत ‘अल्वार’ नावाचा चुनखडीचा सपाट माळ. तिथे मातीचा थर इतका पातळ, की झाड धड मूळ धरत नाही. १९७२ साली सहा किलोमीटरहून लांब पूल झाला आणि बेट मुख्य भूमीला जोडलं गेलं. उन्हाळ्यात तिथे पर्यटकांची गर्दी उसळते आणि शरद ऋतू आला की घरांना कुलपं लागतात. मागे उरतात ती थोडी म्हातारी माणसं.

कादंबरीतला छोटा जेन्स त्याच १९७२ साली आजोबांच्या बागेची भिंत ओलांडतो आणि धुक्यात नाहीसा होतो. समुद्रात बुडाला असेल, असं लोक मानतात. त्याची आई यूलिया मात्र तिथेच थांबून राहते. तिचं कामात मन लागत नाही, वडिलांशीही धड बोलणं उरलेलं नाही. मूल गेलं म्हणून रडावं, तर ते गेलं असं कोणी ठामपणे सांगत नाही. परत येईल म्हणावं, तर इतकी वर्षं लोटलेली. या अधांतरी अवस्थेचं चित्रण हे पुस्तकाचं खरं बळ आहे.

आणि शोध घेतो कोण? यूलियाचे वडील येर्लोफ. जुने जहाजाचे कप्तान, आता सांधे धरलेले, वृद्धाश्रमात राहणारे. इतक्या वर्षांनी ना पावलांचे ठसे उरतात, ना रक्ताचे डाग. उरते ती माणसांची आठवण. ती ज्यांच्यापाशी आहे, त्या म्हाताऱ्यांना सहसा कोणी काही विचारत नाही. येर्लोफ विचारतात, चहा-कॉफी घेत, घाई न करता. गावात निल्स कांट नावाच्या एका खुनी माणसाची चर्चा पुन्हा निघते. पण तो तर मुलगा हरवण्याच्या कितीतरी आधी मेला, त्याचं दफनही झालं! मग लोक अजून त्याचं नाव दबक्या आवाजात का घेतात? पुढचं मी सांगणार नाही.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. स्वीडनमध्ये २०१० पर्यंत खुनाच्या गुन्ह्यालाही पंचवीस वर्षांची मुदत होती. त्यानंतर गुन्हेगार सापडला, तरी खटला भरता येत नसे. २०१० मध्ये कायदा बदलला, पण तो १ जुलै १९८५ नंतरच्या खुनांपुरता. म्हणजे १९७२ चा खून १९९७ नंतर कोर्टात उभाच राहिला नसता. कायद्याने घड्याळ लावलं होतं, आईच्या दुःखाला मात्र तशी मुदत नव्हती.

सत्य कळल्याने यूलियाचं मूल परत येणार नाही, हे तिलाही ठाऊक आहे. तरी ती बेटावर परतते, वडिलांसमोर बसते आणि दोघं त्या दिवसाविषयी बोलू लागतात. खुनी कोण, हे कळण्याआधीच बाप-लेकीमधला अबोला सुटू लागतो. म्हणून शेवटचं पान आधी उघडू नका. सावकाश वाचा.